ससाण्यांच्या माळावर

‘साथ’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ तुम्हांला घरचाच वाटेल. एखाद्याला साथ देणे म्हणजे त्याच्याबरोबर राहणे, त्याला एकटे न सोडणे. दुसरा अर्थ मात्र भीतीचा आहे. एकच रोग एकाच वेळी गावोगावी पसरू लागला, की मराठीत ‘साथ आली’ असे म्हणतात. उर्दूत तिला वबा म्हणतात. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा तुम्ही लहान होता. तरी बंद दारे, ओस पडलेला बाजार आणि मोठ्या माणसांच्या तोंडावरचे कापड तुमच्या लक्षात असेलच. उदगीरसारख्या गजबजलेल्या गावातही तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हते.

ही हकीकत त्याच्याही सुमारे सव्वाशे वर्षे आधीच्या साथीची आहे. तो रोग होता प्लेग. उर्दूत त्याला ताऊन म्हणतात. १८९४ साली चीनमधील कँटन आणि हाँगकाँग या शहरांत प्लेगने हजारो माणसे दगावली. तेथून जहाजांबरोबर तो जगभरच्या बंदरांत पोहोचला. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात तो मुंबईत उतरला. मुंबईच्या मांडवी भागात गोदीजवळ धान्याची मोठी कोठारे होती. तेथे उंदीर पटापट मरू लागले आणि त्यांच्या मागोमाग माणसे. डॉ. अकासिओ व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी हे रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असे सर्वांच्या आधी सांगितले. लोकांना ते पटेना. पटले तेव्हा मुंबई रिकामी होऊ लागली. आगगाडीने, बैलगाडीने, बोटीने, जसे जमेल तसे लोक आपापल्या गावाकडे निघाले. त्यांच्याबरोबर रोगही निघाला. वर्ष संपता संपता तो पुण्यात आला.

पुण्यात त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या एक बाई राहत होत्या. त्यांचे नाव सावित्रीबाई फुले. मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई तुम्हांला माहीत आहेत. बहुतेक पुस्तके त्यांची ओळख शाळेच्या दारापाशीच थांबवतात. परंतु त्यांच्या आयुष्याचे शेवटचे दिवस शाळेत गेले नाहीत. ते गेले रोग्यांच्या उशाशी.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. खंडोजी नेवसे पाटील हे त्यांचे वडील. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. पती जोतीराव फुले तेरा वर्षांचे होते. लग्न झाले तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवले. पुढे अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेऊन त्या शिक्षिका झाल्या. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई अठरा वर्षांच्याही नव्हत्या. त्या शाळेत जाऊ लागल्या, की लोक रस्त्यात उभे राहून त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकत. त्या एक लुगडे बरोबर घेऊन जात आणि शाळेत पोहोचल्यावर बदलत.

या कामामुळे नवराबायकोला वडिलांचे घर सोडावे लागले. कोठे जावे हा प्रश्न होता. त्या वेळी गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. उस्मान शेख हे जोतीरावांचे मित्र. याच काळात फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीला आल्या आणि शाळेच्या कामात त्यांना मदत करू लागल्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपण नाही म्हणून फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा त्या पत्रात त्यांनी व्यक्त केला आहे. शेजारणीवर इतका विश्वास असणे ही मोठी गोष्ट आहे. त्या पत्रामुळेच आज आपल्याला फातिमा शेख यांचे नाव खात्रीने घेता येते.

पुढची चाळीस वर्षे फार धावपळीची होती. त्यांतील सगळे येथे सांगत नाही. तीन गोष्टी मात्र सांगायला हव्यात, कारण प्लेगच्या दिवसांत सावित्रीबाई जशा वागल्या, त्याची मुळे तेथे आहेत.

पहिली गोष्ट यशवंताची. त्या काळी ब्राह्मण समाजात लहान वयातच मुलींची लग्ने होत. नवरा मेला तर मुलीला पुन्हा लग्न करता येत नसे. अशी एखादी तरुण विधवा गरोदर राहिली, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरत. जीव द्यावा किंवा जन्मलेल्या बाळाचा जीव घ्यावा. १८६३ साली फुले पतिपत्नींनी आपल्या घरीच बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केले. कोणीही यावे, गुपचूप बाळंत व्हावे, बाळ न्यावे किंवा ठेवून जावे. बाळंतिणींची सेवा सावित्रीबाई स्वतः करत. १८७४ साली काशीबाई नावाची एक विधवा तेथे आली. तिला मुलगा झाला. सावित्रीबाईंना मूलबाळ नव्हते. त्यांनी तो मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. १८७६ आणि १८७७ या वर्षांत महाराष्ट्रात पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, गुरे मेली, माणसे पाने आणि बिया खाऊ लागली. सावित्रीबाई जुन्नरच्या भागात गावोगाव हिंडत होत्या. ओतूर येथून त्यांनी जोतीरावांना पाठवलेले एक पत्र आजही वाचायला मिळते. उपाशी माणसांच्या मुलांना रोज भाकरी मिळावी म्हणून अन्नछत्रे उघडली गेली. शेकडो माणसांचा स्वयंपाक, पाण्याची सोय, आजारी मुलांची निगा हे सर्व कसे उभे करायचे, याचा धडा त्यांना त्या दुष्काळाने दिला.

तिसरी गोष्ट घरातली आहे. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि आपला ग्रंथ पुरा केला. त्यांना उठवणे, बसवणे, भरवणे, अंग पुसणे हे सर्व सावित्रीबाईंनी केले. दोन वर्षांहून अधिक काळ हे चालले. अंथरुणावरच्या माणसाची सेवा कशी करायची हे त्यांना कोणत्याही रुग्णालयाने शिकवले नव्हते. घरानेच शिकवले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. हिंदूंच्या रिवाजाप्रमाणे अंत्ययात्रेच्या पुढे मडके धरून चालण्याचा मान मुलाचा असतो. त्या मडक्याला टिटवे म्हणतात. यशवंत दत्तक मुलगा, म्हणून काही भाऊबंदांनी हरकत घेतली. वाद वाढू लागला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे आल्या आणि त्यांनी टिटवे हाती घेतले. स्त्रीने अंत्ययात्रेच्या पुढे चालावे ही गोष्ट त्या काळी कोणी ऐकली नव्हती. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी चालवले. १८९३ साली सासवडला या समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

आता आपण पुन्हा प्लेगकडे येऊ.

प्लेग म्हणजे काय, हे आज नीट समजून घ्यावे लागते, कारण सुदैवाने तो आपल्या आसपास राहिलेला नाही. एकाएकी थंडी वाजून सणसणून ताप चढे. डोके ठणके. जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येई. ती इतकी दुखे, की रोग्याला हातपाय हलवता येत नसत. घसा कोरडा पडे, जीभ जड होई, मग रोगी बरळू लागे. पुष्कळांचा खेळ आठवड्याच्या आतच आटोपे. आज या रोगावर चांगली औषधे आहेत. तेव्हा एकही नव्हते. प्रतिजैविके निघायला अजून चाळीस-पन्नास वर्षे अवकाश होता.

रोगाचा जंतू सापडला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन या शास्त्रज्ञाने तो शोधला होता. पण तो जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे घाणीतून, कोणी म्हणे नुसत्या स्पर्शाने. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे आपण ज्या दिवसांची गोष्ट करत आहोत, त्या दिवसांत रोग्याजवळ जाणारा प्रत्येक माणूस डोळे बांधून विहिरीच्या काठावर चालत होता. कशापासून दूर राहायचे हेच माहीत नसेल, तर माणूस सगळ्यांपासूनच दूर राहतो. सख्खे नातेवाईक रोग्याला टाकून निघून गेल्याची उदाहरणे तेव्हा घडली. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. भीती काय करते ते आपणही पाहिले आहे.

लोकांना रोगाइतकीच रुग्णालयाचीही भीती वाटत होती, ही दुसरी अडचण. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, असा समज पसरला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्लाच केला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्याने अधिकाऱ्यांना फार मोठे अधिकार मिळाले. घरांची झडती घ्यावी, रोग्याला उचलून न्यावे, सामान जाळावे. लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कणगीमागे, अंधाऱ्या खोलीत माणसे तापाने फणफणत पडून राहत. गोरगरिबांच्या वस्तीत तर डॉक्टर जातच नसत. गावकुसाबाहेरच्या वस्तीत जाण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे राहणाऱ्यांना समाज अस्पृश्य मानत होता.

अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले.

येथे क्षणभर थांबायला हवे. यशवंत तेव्हा लष्करात डॉक्टर होता. पुण्यापासून लांब, म्हणजे साथीपासूनही लांब. प्रत्येक आईला आपले मूल अशा वेळी जवळ असावे असे वाटते, पण प्लेगच्या गावात नव्हे. लोक आपली मुले पुण्याबाहेर धाडत होते. या आईने आपला एकुलता एक मुलगा पुण्यात आणला, आणि तोही रोग्यांची नाडी धरण्यासाठी. मला वाटते, शेण आणि चिखल सोसण्यापेक्षा हे कठीण होते. अंगावरचा चिखल धुता येतो.

यशवंत रजा काढून आला. दवाखाना शहरात ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण दाट वस्ती आणि कोंदट घरे हेच प्लेगचे आवडते ठिकाण. पुण्याच्या पूर्वेला हडपसर नावाचे गाव आहे. आज ते पुणे शहराचाच भाग झाले आहे. तेव्हा तेथे मोकळी शेते आणि माळ होता. हडपसरच्या ससाणे कुटुंबात यशवंताची सासुरवाडी होती. ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. जागेची निवड शहाणपणाची होती. मराठवाड्यातही प्लेगच्या दिवसांत लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. शास्त्राला कारण सापडण्याआधीच लोकांना अनुभवाने कळले होते, की उंदीर पडू लागले की घर सोडावे.

डॉक्टर यशवंत रोगी तपासत आणि उपचार करत. पण प्लेगवर औषधच नव्हते, तेव्हा उपचार म्हणजे मुख्यतः शुश्रूषा. तिला उर्दूत तीमारदारी असा सुंदर शब्द आहे. तापलेल्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायच्या, घोट घोट पाणी पाजायचे, पातळ पेज भरवायची, गाठी शेकायच्या, भ्रमात उठून पळणाऱ्याला धरून निजवायचे. अंथरूण घाण झाले की बदलायचे. मरणाऱ्याचा हात हातात ठेवायचा. रोगी जगला तर बहुधा अशा सेवेच्या जोरावरच जगे. शिकलेल्या परिचारिका तेव्हा फार थोड्या आणि त्याही मोठ्या शहरांच्या मोठ्या रुग्णालयांत. ससाण्यांच्या माळावर त्यांची जागा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी घेतली.

त्या दवाखान्यात बसून रोग्यांची वाट पाहत नव्हत्या. कोठे कोणी आजारी आहे असे कळले, की त्या तेथे जात आणि रोग्याला दवाखान्यात आणण्याची व्यवस्था करत. लोक रोगी लपवत होते हे लक्षात घेतले, म्हणजे या कामाची किंमत कळते. शिपाई दारात आला तर लोक दार लावून घेत. सावित्रीबाई आल्या तर गोष्ट वेगळी. पन्नास वर्षे हीच बाई पुण्याच्या गरीब वस्त्यांत हिंडलेली. १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला होता, हेही लोक विसरले नव्हते.

या कामात धोका किती आहे, हे सावित्रीबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्याच सत्यशोधक समाजातले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत राहत. गिरणी कामगारांचे ते पुढारी. कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्याच प्रयत्नांनी. प्लेग आला तेव्हा ते मुंबई सोडून गेले नाहीत. रोग्यांसाठी झटता झटता त्यांनाही प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. अवघे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षांचे होते. त्यानंतरही ससाण्यांच्या माळावरचे काम थांबले नाही.

त्याच सुमारास मुंबईत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगवरची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. एका शहरात एक माणूस प्रयोगशाळेत स्वतःचा जीव पणाला लावत होता आणि दुसऱ्या शहरात एक म्हातारी बाई माळावर. दोघांची भेट कधी झाली नाही.

मार्चचा महिना उजाडला. पुण्याजवळ मुंढवे नावाचे गाव आहे. तेथील महारवाड्यात गायकवाड नावाच्या कुटुंबातला एक मुलगा प्लेगने आजारी असल्याची बातमी सावित्रीबाईंना कळली. त्या तिकडे गेल्या. मुलगा तापाने निपचित पडला होता. त्याला दवाखान्यात न्यायला हवे होते. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्याची वाट धरली.

मुंढवे आणि हडपसर ही शेजारशेजारची गावे. पण पाठीवर आजारी मूल असले, की थोडी वाटही लांब होते. मार्चमधले ऊन पुण्यातही कमी नसते. त्या मुलाची सावली अंगावर पडली तरी विटाळ होतो, असे मानणारी माणसे त्या वाटेवर होती. त्या मुलाचा श्वास अंगाला लागला तर प्लेग होतो, असे मानणारी माणसेही होती. सहासष्ट वर्षांची पाठ त्याच्या वजनाने वाकली असेल. त्या दवाखान्यात पोहोचल्या. मुलाला निजवले, त्याच्यावर उपचार सुरू झाले. तो मुलगा बरा झाला असे सांगतात.

सावित्रीबाईंना मात्र ताप भरला. आज आपण म्हणू, की त्या मुलाच्या कपड्यांतून किंवा कोठल्या तरी रोग्याच्या अंथरुणातून एखादी पिसू त्यांना चावली असेल. हे सांगणारा शोध लागायला अजून एक वर्ष होते. त्यांना प्लेगच झाला होता. इतके दिवस त्या ज्यांच्या उशाशी बसत होत्या, त्यांच्यासारखेच त्यांनाही अंथरुणाला खिळावे लागले. डॉक्टर मुलगा जवळ होता. त्याच्याजवळही औषध नव्हते. ज्या बाळाला १८७४ साली त्यांनी आपले म्हटले, तोच आता तेवीस वर्षांनी त्यांच्याजवळ होता.

१० मार्च १८९७ रोजी रात्री सावित्रीबाई वारल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. त्यांच्या वागण्याने लोक संतापले. २२ जूनच्या रात्री प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकांत १८९७ चा पुण्याचा प्लेग बहुधा त्या गोळ्यांमुळे लक्षात राहिला आहे. साथ मात्र तेवढ्यावर संपली नाही. ती पुढे पुष्कळ वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिली. डॉ. यशवंत लष्करातल्या नोकरीवर परत गेले. काही वर्षांनी त्यांनाही प्लेगनेच गाठले.